दादा, कोणती गाडी घेऊ?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. ‘दादा, गाडी घ्यायचीय. किती सीसीची घेऊ?’ खाली चार फोटो: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, ट्रायम्फ स्पीड ४००, होंडा सीबी५०० हॉर्नेट आणि यामाहा एमटी-०७. तो २५ वर्षांचा आहे. लीड्समध्ये मास्टर्स केलं, आता वेकफिल्डला नोकरीला लागलाय. शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून मावशीचा फोन. ‘अरे, तू त्याला नको म्हणून सांग ना. तुझं ऐकतो तो.’

एकाला गाडी निवडून हवी होती, दुसरीला गाडीच नको होती. दोघांनाही मी ‘रविवारी बोलू’ म्हणालो आणि कागद-पेन घेऊन बसलो. मी पोटासाठी घर्षण आणि झीज यांचा अभ्यास करतो, आणि गेली काही वर्षं शेफिल्डहून लीड्सला मोटरसायकलने ये-जा करतो. त्यामुळे या विषयावर माझ्याकडे थोडी आकडेमोड आहे आणि एक महागात पडलेली चूकही आहे. पॉडकास्टवर हे बोलायला घेतलं असतं तर आकडे ऐकून तुम्ही कंटाळला असता, म्हणून इथे लिहितोय.

‘मिडसाइझ’ कोण ठरवतं?

आपल्याकडे गाडीबद्दलचे दोनच प्रश्न असतात: किती सीसी, आणि ॲव्हरेज किती देते? यातला पहिला प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती जागा झाडून काढतो ते माप. त्यावरून गाडीचा अंदाज येतो, पण ३५०, ४००, ५०० हे आकडे आले कुठून ते बघितलं तर गंमत वाटते. ते बरेचसे कायद्यातून आलेत.

भारतात कराची रेषा ३५० सीसीवर आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावरच्यांना ४० टक्के. जपानमध्ये लायसन्सची एक पायरी ४०० सीसीला संपते. युरोपात जानेवारी २०१३ पासून ‘ए-टू’ नावाची पायरी आली. त्यात सीसी बघतच नाहीत, ताकद बघतात: जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. ब्रिटनने ब्रेक्झिटनंतरही हाच नियम ठेवला. होंडाची ४७१ सीसीची सीबी५०० मालिका त्याच २०१३ साली बाजारात आली आणि तिची कमाल ताकद बरोबर ३५ किलोवॅट आहे.

म्हणजे ‘मिडसाइझ’ हा शब्द ज्या देशात तुम्ही उभे आहात त्या देशाच्या नियमांनी ठरतो. सांगलीत ३५० ही मोठी गाडी. इथे शोरूममध्ये तीच दारापाशी, नवशिक्यांच्या रांगेत उभी असते.

लायसन्सचंही इथेच सांगून टाकतो, कारण यात खूप जण फसतात. ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने तुम्ही भारतीय लायसन्सवर, त्यावर ज्या प्रकारची नोंद असेल ती कार किंवा मोटरसायकल चालवू शकता. त्यानंतर नाही. भारतीय लायसन्स इथल्या लायसन्सने बदलूनही मिळत नाही. प्रोव्हिजनल काढायचं, सीबीटी नावाचं एक दिवसाचं मूलभूत प्रशिक्षण घ्यायचं, मग थिअरी, मग मॉड्यूल १ आणि मॉड्यूल २. नुसत्या सीबीटीवर १२५ सीसीपर्यंतची गाडी ‘एल’ची पाटी लावून चालवता येते, पण मोटरवेवर जाता येत नाही. १९ व्या वर्षी ए-टू आणि २४ व्या वर्षी थेट पूर्ण लायसन्सची परीक्षा देता येते. पूर्ण लायसन्सच्या परीक्षेची गाडी किमान ५९५ सीसीची लागते. म्हणजे शिकायचं सहाशेवर, आणि मग शांतपणे चारशेची विकत घ्यायची, असंही होऊ शकतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रस्त्याला ताकद किती लागते?

आता कागद-पेन. गाडी एकाच वेगाने सपाट रस्त्यावर चालली असेल तर इंजिनला दोनच गोष्टींशी भांडायचं असतं: हवा आणि टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. टायरचा वाटा लहान असतो. हवेचा वाटा वेगाच्या घनाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते.

काचेशिवायची उघडी गाडी, तिच्यावर सरळ बसलेला एक माणूस, असं धरून मी हिशेब केला. शहरात ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर वेगाला साधारण दीड किलोवॅट पुरतो. म्हणजे दोन हॉर्सपॉवर! ६० मैलांना सुमारे ८ किलोवॅट. मोटरवेची मर्यादा ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. तिथे सुमारे १३ किलोवॅट. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, जाडा कोट घातला की वाढतील, पण ढोबळ चित्र हेच.

आता चार गाड्यांची कमाल ताकद बघा. क्लासिक ३५० सुमारे १५ किलोवॅट, स्पीड ४०० सुमारे २९, सीबी५०० हॉर्नेट ३५, एमटी-०७ सुमारे ५४.

शहरात चौघींकडेही गरजेच्या कित्येक पट ताकद आहे. पण ७० मैलांवर क्लासिककडे जवळजवळ काहीच शिल्लक उरत नाही. १५ मधले थोडे गिअरबॉक्समध्ये आणि चेनमध्ये जातात, उरलेले हवेत. समोरून वारा आला किंवा चढ लागला की संपलंच.

शिल्लक ताकदीला गाडी आणि चालवणारा यांच्या एकत्र वजनाने भागलं की ‘पिकअप’चा अंदाज येतो. माणूस कपड्यांसकट ८५ किलोचा धरू. ७० मैलांवर क्लासिककडे दर किलोमागे सुमारे ७ वॅट उरतात, स्पीड ४०० कडे ६३, सीबी५०० कडे ८०, एमटी-०७ कडे १५०. लॉरीच्या पुढे निघून लेन मोकळी करायची असेल तेव्हा कामाला येतो तो हा आकडा. ७ आणि ६३ मधला फरक तुमच्या सुरक्षिततेचा आहे. ८० आणि १५० मधला फरक मुख्यतः मजेचा आहे. मजेला माझा विरोध नाही, फक्त तिचं बिल वेगळं येतं हे माहीत असावं.

हातापर्यंत काय पोचतं

कमाल ताकद मिळते ती इंजिन जोरात फिरवल्यावर. सीबी५०० ची ३५ किलोवॅट ८,६०० फेऱ्यांना, एमटी-०७ ची ८,७५० च्या आसपास. रोजच्या रस्त्यावर आपण तिथे क्वचितच जातो. ४,००० फेऱ्यांना गाडी कशी ओढते हे टॉर्क सांगतो, म्हणजे इंजिनच्या दांड्याला मिळणारा पीळ. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांनाच मिळतो. म्हणून गर्दीत ती चौथ्या गिअरमध्येही कुरकुर करत नाही, हाफ क्लचवर खेळावं लागत नाही. स्पीड ४०० चा ३७.५ हा ६,५०० ला, सीबी५०० चा ४३ तितक्याच फेऱ्यांना, एमटी-०७ चा ६७ च्या आसपास तिथेच. क्लासिक सिग्नलवर इतकी सुखाची का वाटते आणि मोटरवेवर का थकते, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट कंप. वर-खाली होणारा पिस्टन गाडीला हादरे देतो, आणि तो जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ४,००० वरून ६,००० वर गेलात तर फेऱ्या दीडपट, पण हादरे सव्वादोनपट. एका सिलिंडरच्या इंजिनात समतोलासाठी वेगळा दांडा बसवतात, त्याने बरंच कमी होतं, पण सगळं जात नाही. दोन सिलिंडर असले की एक पिस्टन दुसऱ्याचा जोर काही प्रमाणात खोडून काढतो. सीबी५०० मध्ये एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो. एमटी-०७ मध्ये दोघांत २७० अंशांचं अंतर ठेवलंय, त्यामुळे स्फोट असमान अंतराने होतात. तो ‘धडक-धडक’ आवाज आणि खालच्या फेऱ्यांना येणारी ओढ लोकांना आवडते ती यामुळे.

आता माझी चूक. माझी पहिली गाडी मी मनाने घेतली. साताऱ्याला बाबांची एक जुनी गाडी होती, तिच्यासारखा आवाज करणारी. एक सिलिंडर, कमी फेऱ्या, देखणी. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मी वाचले ते फक्त टॉर्कचे आकडे. पण माझा रस्ता होता शेफिल्ड ते लीड्स, एका बाजूने सुमारे ३५ मैल, बहुतेक सगळा एम-वन मोटरवे. नऊ महिने मी फुल थ्रॉटल पिळून डाव्या लेनमध्ये लॉऱ्यांच्या मध्ये चालवली. लॅबला पोचल्यावर पहिली दहा मिनिटं बोटांना मुंग्या. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी समोरून वारा होता, कान पूर्ण पिळूनही काटा ६० च्या वर जाईना, आणि आरशात लॉरीचे दिवे मोठे मोठे होत गेले. काही झालं नाही. पण घरी येऊन मी बराच वेळ हेल्मेट काढलं नव्हतं. गाडी तोट्यात विकली.

तीच गाडी शेफिल्डमध्येच राहणाऱ्या, चार मैलांवर कामाला जाणाऱ्या एका मैत्रिणीने घेतली असती तर ती आजही तिच्यावर खूश असती.

घेतल्यानंतरचा हिशेब

आता ‘ॲव्हरेज’. सीबी५०० शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन लिटर पिते, एमटी-०७ सव्वाचारच्या जवळपास. वर्षाला ८,००० किलोमीटर चालवली तर फरक सुमारे ५६ ते ६० लिटरचा. वर्षभराचा! म्हणजे ॲव्हरेजवरून गाडी निवडण्यात इथे फार अर्थ नाही. पैसे दुसरीकडे जातात.

पहिलं, इन्शुरन्स. तुमचा पत्ता, वय, लायसन्स कधीचं आहे आणि गाडी रात्री कुठे उभी असते यावर तो ठरतो. भारतातल्या दहा वर्षांच्या अनुभवाला बहुतेक ठिकाणी किंमत मिळत नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर टाकून इन्शुरन्सचा आकडा काढा. एकाच माणसाला दोन गाड्यांसाठी आलेल्या आकड्यांतला फरक कधी कधी हप्त्यापेक्षा जास्त निघतो.

दुसरं, टॅपेट. व्हॉल्व्हमधली फट तपासण्याचं काम हे सर्व्हिसिंगमधलं वेळखाऊ काम, कारण टाकी उतरवून आत हात घालावा लागतो. इथे मेकॅनिकच्या तासाचे पैसे सांगलीच्या हिशेबाने मोजायला गेलात तर चक्कर येईल. सीबी५०० ला ही तपासणी २४,००० किलोमीटरला येते, एमटी-०७ ला ४०,००० ला. म्हणजे मोठी गाडी इथे स्वस्त पडते. स्पीड ४०० ची सर्व्हिस १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी होईल ते. मॅन्युअलमधलं हे पान शोरूममधल्या माणसाला आधी उघडायला सांगा.

तिसरं, टायर. स्पीड ४०० चा मागचा टायर १५० मिलिमीटर रुंद, सीबी५०० चा १६०, एमटी-०७ चा १८०. टायर रुंद तसा महाग, आणि ताकद जास्त तसा लवकर झिजतो. हे माझ्या लॅबचं काम आहे, विश्वास ठेवा.

चौथं, मीठ. थंडीत इथे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते चेनमध्ये, बोल्टमध्ये, ब्रेकच्या कॅलिपरमध्ये शिरतं आणि गंज चढवतं. साध्या पाण्याने धुणं, दर ८०० ते १,००० किलोमीटरला चेनला वंगण, आणि ऑक्टोबरात गंजरोधक फवारा, एवढं केलंत तर गाडी टिकते. नाही केलंत तर तिसऱ्या वर्षी रिसेलला ते दिसतं.

पाचवं, रोड टॅक्स. त्याच्या पायऱ्या इथे सीसीवर आहेत: १५० पर्यंत, मग ४०० पर्यंत, मग ६०० पर्यंत, आणि पुढे. आपल्या चार गाड्यांत क्लासिक आणि स्पीड ४०० एका पायरीवर, सीबी५०० त्यावर, एमटी-०७ सगळ्यात वर. तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी तपासणी लागते.

आणि चोरी. मोठ्या शहरांत मोटरसायकली उचलून व्हॅनमध्ये टाकून नेतात, किल्लीची गरजच पडत नाही. जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला जाड साखळी, हा खर्च गाडीच्या किमतीत धरा. मी राहतो तशा जुन्या विटांच्या घरांच्या रांगेत, दोन घरांमधल्या बोळातून गाडी मागे न्यावी लागते. शेफिल्डमध्ये त्या बोळाला ‘जेनल’ म्हणतात. त्यातून गाडी ढकलताना १९५ किलोची क्लासिक आणि १७० किलोची स्पीड ४०० यांतला फरक दररोज दोनदा कळतो. स्पेसिफिकेशनच्या कागदावर तो नुसता २५ चा आकडा असतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा एमओटी इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. किती मैल झाले, कुठे गंज सापडला, टायर कधी घासले होते, सगळं. विकणारा कितीही गोड बोलला तरी आधी ते वाचा.

चार गाड्या, चार रस्ते

रोजचा रस्ता शहरातला, दहा मैलांच्या आत आणि ४०-५० च्या वेगाचा असेल, घाई नसेल आणि देखणेपणाला तुमच्या लेखी किंमत असेल तर क्लासिक ३५० बरोबर गाडी आहे. रविवारी आतल्या रस्त्यांनी पीक डिस्ट्रिक्टमध्ये फिरायलाही छान. मोटरवे मात्र अपवाद म्हणूनच.

शहर आणि भोवतालचे ६० मैलांचे रस्ते असतील, गाडी रोज बोळातून ढकलायची असेल, तर स्पीड ४००. हलकी, सीट ७९० मिलिमीटरवर, पाय नीट टेकतात. ही गाडी आणि केटीएमची ३९० ड्यूक या दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. इथला एक सहकारी मला ‘खास ब्रिटिश’ गाडी म्हणून स्पीड ४०० दाखवत होता, तेव्हा मी फक्त हसलो. पुणे-नाशिक रस्त्यावरचं चाकण त्याला काय सांगणार!

रोज मोटरवे असेल, कधी कधी डबल सीट जायचं असेल, तर दोन सिलिंडरची सीबी५०० किंवा तिच्या जातीची गाडी. वजन १८८ किलो, टाकी १७ लिटरची. तिच्या प्रेमात कुणी पडत नाही असं म्हणतात, पण ती विकायलाही कुणी काढत नाही.

आणि रस्ता लांब असेल, चालवण्याचा सराव असेल, इन्शुरन्सचा आकडा बघून घाम फुटला नसेल, तर एमटी-०७. फक्त पहिल्या थंडीत, ओल्या पानांवर ती शिकायला घेऊ नका.

रविवारचा फोन

मावसभावाला मी एकच काम दिलं होतं: पाच दिवस रस्ता लिहून काढ. त्याने काढला. एका बाजूने साधारण १२ मैल, त्यातले ७ एम-वनवर, पहाटे सव्वापाचला, वर्षातले बरेच महिने अंधारात. त्याचं मन क्लासिकवर होतं हे मला आवाजावरून कळत होतं. मी त्याला माझ्या नोव्हेंबरमधल्या संध्याकाळबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे सेकंडहँड सीबी५००.’ मोटरवे टाळून ए-६१ ने जायचं ठरवलंस तर स्पीड ४०० पण चालेल, असं मी म्हणालो. पण आधी लायसन्स, आणि बजेटमधले पहिले पैसे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट यांना. उरतील त्यात गाडी.

मावशीला खोटं सांगणं शक्य नव्हतं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीत मोटरसायकलींचा वाटा सुमारे १ टक्का आहे आणि रस्त्यावर मरण पावणाऱ्यांत त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे. गाडी कुठलीही घेतली तरी हा आकडा पुसला जात नाही. एबीएसने, चांगल्या टायरने, प्रशिक्षणाने आणि चौकात ‘समोरच्याने मला पाहिलेलं नाही’ असं धरून चालवल्याने धोका कमी होतो. शिल्लक ताकद असलेल्या गाडीने आणखी थोडा. शून्य होत नाही. हे सगळं मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, ‘मग तू का चालवतोस?’

मी म्हणालो, आवडतं म्हणून. आणि ट्रेन वेळेवर येत नाही म्हणून. यातलं पहिलं कारण जास्त खरं आहे.

मावशी ‘बघा बाबा तुमचं तुम्ही’ म्हणाली. गाडी अजून घेतलेली नाही, मॉड्यूल १ ची तारीख आलीय. काल मावशीचा परत फोन होता. जॅकेट पाठीवरही जाड असतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.